हवेत बघायची जागा

४ फेब्रुवारी

प्रिय पिसू,

तुमच्या कॅम्पात फोन काढून घेतात हे एका अर्थी बरंच झालं. फोनवर तू "हो", "नाही", "जेवले" याच्या पुढे जायची नाहीस. पत्रात निदान पानभर मजकूर येईल असं वाटलं होतं, तर आल्या अडीच ओळी. "बरी आहे. थंडी आहे. हवेत असताना जरा गोंधळ होतोय." आणि खाली ती ऐटबाज सही. तसली सही अनोळखी पोरींच्या टोप्यांवर कर, आत्याला नको.

इकडे पार्लरमध्ये तुझ्यावाचून दुसरा विषय नाही. पोरी खुर्चीत बसतात, आरशाला चिकटवलेल्या तुझ्या फोटोकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "तसा." तो कट कसा जन्माला आला ते आपल्या दोघींनाच माहीत. तुझ्या पहिल्या मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी शेजारणीशी बोलण्यात रंगले आणि तुझी डावी बाजू कानाच्या वर गेली. उजवी सारखी करायला तू थांबली नाहीस. तशीच गेलीस, जिंकून आलीस, आणि आता शाळकरी पोरींपासून पोस्टातल्या बाईंपर्यंत सगळ्यांना डावी बाजू आखूड हवी असते. परवा एका आजींना मी सांगत होते की केस विरळ झालेत, बरं दिसणार नाही. त्या म्हणाल्या, "दिसू दे वाईट. तू काप."

हाडांचे डॉक्टर रस्त्यात भेटले. म्हणाले, तुमच्या भाचीमुळे माझं उत्तम चाललंय, अर्ध्या गावाची पोरं कपाटावरून उड्या मारतात. बँकेच्या दारावरही तू आहेस, पाय वर आणि डोकं खाली, आणि शेजारी लिहिलंय की ठेवी सुरक्षित राहतील. बघून मला तरी पैसे काढून घ्यावेसे वाटले.

हो, आणि पेपरवाला येऊन गेला. विचारत होता, जिम्नॅस्टिक्सच्या या जागतिक स्पर्धेत ती तिची उडी मारणार ना? मी म्हटलं, "नियमांच्या पुस्तकात ती उडी तिच्या नावाने छापलीय. ती नाही मारणार तर काय मी मारू?" दुसऱ्या दिवशी ठळक अक्षरांत, 'उडी होणारच, आत्याची ग्वाही'. चौकात मोठा पडदा लावायचं ठरलंय.

आता त्या गोंधळाविषयी. मी काही दूधखुळी नाही. मुली असं काहीतरी हवेतलं लिहायला लागल्या की काय समजायचं ते मला कळतं. कोण आहे तो? पोहणारा असेल तर आधी त्याचे केस बघ, त्या पाण्याने पार वाट लागते. बाकी माझी काही हरकत नाही.

गिऱ्हाईक आलंय. सविस्तर लिही.

आत्या


१५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

कोणी नाही गं. पोहणारा नाही, पळणारा नाही. असता तर किती सोपं झालं असतं.

तुला हवेतलं कसं सांगू? मी कधी कोणाला सांगितलेलंच नाही. बातमीदार विचारतात, तेव्हा मी काहीतरी ठरलेलं बोलते. खरं म्हणजे वर गेल्यावर वेळ पातळ होतो. धावताना सगळं घाईचं असतं, फळीवर पाय आपटतात, व्हॉल्टच्या घोड्यावर तळवे टेकतात, हातांवरची खडूची पूड उडते, आणि मग एकदम आवाज बंद होतात. शरीर फिरत असतं पण मी नाही फिरत. मी मध्येच कुठेतरी शांत बसलेली असते. दिवे खालून जातात, जमीन डोक्यावरून जाते, आणि त्या सगळ्यात एकदा, फक्त एकदा, एक ओळखीची जागा डोळ्यांसमोरून जाते. ती दिसली की हात, पाय, मान, सगळ्यांना आपापलं कळतं. मला काही करावंच लागत नाही.

ती जागा म्हणजे तू. आई-बाबा दोघंही कामावर म्हणून मला हॉलवर न्यायचं काम तुझ्याकडे आलं होतं ना? तू पार्लरमधून तशीच यायचीस, लाल एप्रन अंगावर, आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली बसायचीस. लहानपणी मी हवेत लाल रंग शोधायचे. तो दिसला की समजायचं, खाली आत्याच्या बाजूला. पुढे कुठल्या कुठल्या देशांत गेले, तू तिथे नसायचीस, तरी त्या क्षणी मला लाल काहीतरी दिसायचंच. कुठून दिसायचं कोण जाणे.

आता दिसत नाही. गोंधळ म्हणजे हा. पाहुण्यांच्या घरी झोपेतून जाग आली की दार कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही ना, तसं मला हवेत होतं. सगळ्या बाजू सारख्या. परवा मी फोमच्या खड्ड्यात पाठीवर पडले, आणि पडेपर्यंत मला वाटत होतं की मी वर चाललेय. खड्डा होता म्हणून हे पत्र लिहितेय. स्पर्धेत खड्डा नसतो.

कोचबाईंना सांगितलेलं नाही. त्यांना वाटलं पाय घसरला. तूही कोणाला बोलू नकोस, विशेषतः त्या पेपरवाल्याला. आजींना मात्र सांग की मला त्यांचा अभिमान वाटतो.

पिसू


२२ फेब्रुवारी

प्रिय पिसू,

एवढंच ना? मग त्यात काय मोठं.

जागा हरवलीय, तर जागा घेऊनच मी येते. पार्लर पंधरवडाभर बंद. तिकीट काढलंय. एप्रन धुवून, कडक इस्त्री करून बॅगेत ठेवलाय. तुमच्या हॉलमध्ये घड्याळ कुठे आहे ते बघून ठेव. नसलं तर मी घेऊन येईन.

कोचबाईंना कळवलंय की भाचीची आठवण येते म्हणून येतेय. बाई भल्या दिसतात, लगेच हो म्हणाल्या.

नीट जेवत जा. तुझं अर्धं दुखणं रिकाम्या पोटाचं असणार, याची मला खात्री आहे.

आत्या


१९ मार्च

प्रिय आत्या,

तू न सांगता गेलीस. सकाळी खोलीत आले तर तुझी गादी घडी करून ठेवलेली, आणि उशीवर माझ्यासाठी नवा कंगवा. स्टेशनवर सोडायला तरी येऊ द्यायचं होतंस.

तू आलीस तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं. तुला भिंतीशी स्टुलावर बसलेली पाहून मी आठ वर्षांची झाले. हॉलमधल्या सगळ्या मुली तुझ्याकडून केस कापून घ्यायला रांग लावून उभ्या, कोचबाईसुद्धा. जवळजवळ आठवडाभर मी फक्त छोट्या उड्या मारल्या आणि प्रत्येक वेळी तू दिसलीस. मला वाटलं, झालं, जमलं. मग त्या सकाळी मी मोठ्या उडीसाठी मागे जाऊन उभी राहिले आणि ओरडून तुला म्हटलं, "आत्या, माझ्याकडेच बघत राहा हं."

काय झालं ते तू पाहिलंस. मला काय दिसलं ते तुला सांगते. वर गेले, आवाज बंद झाले, आणि लाल रंग तीन ठिकाणी दिसला. डोक्यावर, पायाखाली आणि लांब कुठेतरी, पाण्याच्या तळाशी असावा तसा. तिन्ही ठिकाणी तू होतीस. मला कुठल्या आत्याकडे जायचं तेच ठरवता येईना. मग गादी लागली, खांद्याला.

खांदा ठीक आहे, नुसता मुका मार. पण तू त्यानंतर माझ्याशी नीट बोलली नाहीस. रात्रीच्या जेवणात मीठ कमी आहे, एवढंच म्हणालीस. आत्या, तुला माझी लाज वाटली का? एवढ्या लांबून, पार्लर बंद ठेवून आलीस, आणि तुझी पिसू पोत्यासारखी पडली. वाटली असेल तर सांग, मला राग येणार नाही. मला स्वतःचीच वाटतेय.

एक गोष्ट आणखी. आमच्यात एक बारकी आहे, तू तिचे केस कापलेस, तीच, सारखी हसणारी. मी नसले तर व्हॉल्टला ती उतरेल. तीही माझीच उडी शिकतेय. पुस्तकात छापलेली उडी कोणीही शिकू शकतं, नाव माझं असलं म्हणून काय झालं. तिने काल मला विचारलं, "ताई, हवेत तू कुठे बघतेस?" मी म्हटलं, "कुठेच नाही, आपोआप कळतं." मान हलवून गेली बिचारी. आज दोनदा वेडीवाकडी पडली. मला आधी बरं वाटलं आणि मग जेवण गेलं नाही.

संघाची नावं कळवायला अजून थोडे दिवस आहेत. मी गप्प बसले तर माझं नाव जाईल, आणि मग मला ती उडी मारावीच लागेल. बोलले तर सगळं इथेच संपेल. चौकातला पडदा डोळ्यांसमोरून हलत नाही.

पिसू


२६ मार्च

माझी पिसू,

लाज? तुझी? मूर्ख आहेस. आणि तुझी आत्या तुझ्याहून मोठी मूर्ख आहे, ते आता ऐक.

मी तुझी उडी कधीच पाहिली नव्हती. हॉलवर नाही, टीव्हीवर नाही, कुठेच नाही. तू धावायला लागलीस की मी डोळे मिटायचे. तू एवढीशी होतीस तेव्हापासून. तुझे पाय गादीवर आपटल्याचा आवाज आला की उघडायचे आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायचे. सगळ्या जगाने जे पाहिलं ते मी पाहिलेलं नाही, आणि पार्लरमध्ये बसून मात्र त्याची वर्णनं करते. गिऱ्हाइकांकडूनच ऐकलेली, त्यांनाच परत ऐकवते.

त्या दिवशी तू ओरडून सांगितलंस, माझ्याकडेच बघत राहा. पोरीने मागितलंय म्हणून मी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवले. आणि तू पडलीस. माझ्या मनाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की माझ्याच डोळ्यांनी तुला पाडलं. आजवर मिटलेले होते तोवर तू नीट उतरायचीस, उघडले आणि घात झाला. मिठाबद्दल काय बोलले मला आठवतही नाही. पहाटेची गाडी पकडली ती या भीतीने की मी आणखी एक दिवस थांबले तर तुझं काहीतरी मोडेल. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाकडेही मी धड बघत नव्हते.

घरी येऊन तुझं पत्र वाचलं तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. तुला तेव्हा मी तीन ठिकाणी दिसत होते, आणि तुझा गोंधळ माझ्या यायच्या आधीपासून चालू होता. माझ्या पापण्यांचा त्यात काही संबंध नाही. पण तू हवेत उलटी झालीस तेव्हा तुझा चेहरा मला दिसला, पिसू. तू लहानपणी बाजारात हरवली होतीस आणि भाजीवालीच्या टोपलीमागे सापडलीस, तेव्हा असा चेहरा होता. तो चेहरा घेऊन तू परत वर जाणार असशील तर मला ते नको आहे. पदक नको, पडदा नको, बँकेच्या दारावरची तू पण नको. मला तू हवी आहेस, चालती, बोलती, माझ्याशी भांडणारी.

पेपरवाल्याकडे गेले होते. म्हटलं, माझी ग्वाही परत घेते. तो म्हणाला, कारण काय छापू? मी म्हटलं, "आत्याला जास्त बोलायची सवय आहे, असं छाप." बाकी काही सांगितलं नाही. गावात थोडी कुजबुज आहे. एकदोघी कट न करताच उठून गेल्या. जाऊ देत, केस काय, वाढतील.

कोचबाईंशी बोल. आजच बोल. आणि त्या बारकीला खरं सांग. तुला सांगायला मी होते, तिला कोण आहे?

आत्या


२ मे

प्रिय आत्या,

तू डोळे मिटून बसायचीस आणि मी तुझ्याकडे बघून दिशा शोधायचे. हे वाचून मी एवढी हसले की शेजारच्या खोलीतली मुलगी बघायला आली, आणि ती आली तेव्हा मी रडत होते.

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी कोचबाईंकडे गेले. त्या घोड्याचे स्क्रू आवळत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या उठल्याच नाहीत, आवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "कधीपासून?" मी म्हटलं, हिवाळ्यापासून. त्यांनी पाना खाली ठेवला आणि माझ्या मनगटांची पट्टी स्वतः सोडवायला बसल्या, लहान मुलांची सोडवतात तशी, हळूहळू. म्हणाल्या, "मलाही एकदा असं झालं होतं. मी बोलले नव्हते. म्हणून मी लंगडते." आणि आम्ही सगळ्या इतकी वर्षं समजत होतो की बाईंचा बूट लागतो.

स्पर्धेचा हॉल तर तू पाहिलाच असशील पडद्यावर. आतून तो फार मोठा आणि फार निळा होता. मी संघाबरोबर बाकावर होते. लोक माझ्या नावाने ओरडत होते, कोणाला नीट कळलेलंच नव्हतं. मला वाटत होतं मी आरशाच्या मागच्या बाजूला बसलेय आणि समोर माझाच दिवस चाललाय, माझ्याशिवाय.

बारकीला मी सगळं सांगितलं होतं, एप्रनपासून ते तीन आत्यांपर्यंत. तिने विचारलं, "मग मी काय बघू?" घरी तिचं असं कोणी हॉलवर यायचं नाही. मी म्हटलं, ठरव काहीतरी, दिवा, पाटी, काहीही. ती तयारी करत राहिली, हातांना खडू चोळत राहिली, आणि तिची पाळी यायच्या जरा आधी माझ्यापाशी आली. "ताई, तुला बघू?" मी म्हटलं, इथे सगळ्यांचे कपडे सारखे, तुला मी ओळखू कशी येणार? तर म्हणाली, "सगळ्या बसतील. तू बसू नकोस."

मग मी बाकापुढे जाऊन उभी राहिले. ती धावली. आत्या, मला तेव्हा समजलं तू काय करत होतीस इतकी वर्षं. पापण्या आपोआप ओढल्या जातात. पण ती मला शोधणार होती. मी ताणून ताणून डोळे उघडे ठेवले, पाणी यायला लागलं तरी.

आणि मी माझी उडी पाहिली. व्हिडिओवर पाहिलेली निराळी. आत असताना ती केवढी लांब असते, दुपारभराची. बाहेरून ती एवढीशी असते गं, पाखरू कठड्यावरून उडतं आणि तुम्ही कोणाला दाखवायच्या आत गेलेलं असतं, तेवढीच. तेवढ्यासाठी लोक केस कापून घेत होते, कपाटांवर चढत होते. पण त्या एवढ्याशा वेळात मधेच तिची मान वळली आणि आमची नजरानजर झाली. खरंच झाली, मी काही कल्पना करत नाही. तिने मला पाहिलं आणि तिच्या पायांना जमीन कळली.

उतरताना एक पाऊल मागे गेलं तिचं. पाचवी आली. हसत होती, नेहमीसारखी.

माझं ते हवेतलं आता परत येईल की नाही, माहीत नाही. डॉक्टर म्हणतात येतं कधीकधी, नाही येत कधीकधी. मी घाई करणार नाही. चौकातल्या लोकांना काय वाटलं असेल याचा विचार मात्र करतेय. त्यांनी खुर्च्या मांडल्या असतील. त्यांची माफी माग माझ्या वतीने. मला यायला तोंड नाही, म्हणून अजून इकडेच रेंगाळलेय.

पिसू


९ मे

पिसू,

माफी कोणाची मागू? सगळं व्यवस्थित सांगते, मध्ये बोलू नकोस.

पडदा लावलाच होता. मी म्हटलं होतं लावू नका, ती उडी मारणार नाहीये. पण लोक म्हणाले, भाड्याने आणलाय तर बघू तरी. सगळे आले. हाडांचे डॉक्टर, पोस्टातल्या बाई, आखूड डाव्या बाजूच्या झाडून सगळ्या पोरी. दादा-वहिनी पहिल्या रांगेत. मी मागे उभी होते. कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं, माझी ग्वाही सगळ्यांच्या लक्षात होती.

दुसऱ्या देशांच्या मुली झाल्या. मग आपल्या संघाचं नाव आलं आणि बारकी दिसली. "ही कोण?" असं पुढून मागे पोहोचलं. कोणीतरी खुर्ची सरकवली, उठायला. तेवढ्यात एक पोरगी म्हणाली, "मागे बघा, मागे." बारकीच्या मागे, पडद्याच्या अगदी कडेला, तू होतीस. बाकीच्या सगळ्या बसलेल्या आणि तू एकटी उभी, हात पुढे, कोणी तरी वरून पडणार आहे आणि तुला झेलायचंय अशी.

तुला माहीत आहे, तू हात पुढे केले होतेस ते? तुला कळलंही नसेल.

बारकी धावली, वर गेली, उतरली. पिसू, आमच्यापैकी कोणी तिची उडी पाहिलीच नाही. अख्खा चौक पडद्याच्या कडेला बघत होता. मीसुद्धा. तिचे पाय गादीवर आपटल्याचा आवाज आला, तू मोठा श्वास सोडलास, हात खाली घेतलेस, आणि मग गुडघे दुमडून तिथेच जमिनीवर बसलीस. तेव्हा टाळ्या सुरू झाल्या. पदक नाही, उडी नाही, काही नाही, आणि लोक उठून टाळ्या वाजवत होते. दादा रडत होता. तुझ्या आईने त्याच्या खिशातला रुमाल काढून आधी स्वतःचं नाक पुसलं.

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "सुखरूप उतरली हो तुमची पोरगी."

तुमच्याकडची गाडी इथे सकाळी पोचते, तिने घरी ये. मी स्टेशनवर येते.

आत्या